पाँपेईचा माग भोकरदनपर्यंत

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इटलीतलं पाँपेई हे गजबजलेलं शहर राखेखाली गाडलं. तिथल्या एका घरात १९३८ साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली. उंची वीतभराहून जरा जास्त. गळ्यात हार, कमरेला मेखला, हातापायांत चढत गेलेले कडेतोडे आणि दोन्ही अंगांना दोन चिमुकल्या दासी. डोक्यातून आत एक भोक पाडलेलं. त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या नक्षीदार सामानाचा भाग, असा तर्क केला जातो. आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, पुढे अभ्यासक यक्षी म्हणू लागले. ती भारतीय घडणीची आहे, यावर मात्र दुमत नाही. मग भारतातल्या कुठल्या गावची? जालना जिल्ह्यातल्या वाचकाने इथे सावरून बसावं, कारण या प्रश्नाच्या उत्तरांत आपल्या भोकरदनचं नाव ठळकपणे घेतलं जातं.

प्राचीन रोममध्ये घडणाऱ्या ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांची मला मनापासून गोडी आहे, आणि ही मूर्ती त्या गोडीचं मोठं कारण आहे. ‘स्वामी’, ‘राऊ’, ‘पानिपत’ वाचत मोठ्या झालेल्या आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचं वेड पिढ्यान् पिढ्या जपलेल्या मराठी वाचकाला या कादंबऱ्यांत दोन्ही आनंद एकत्र मिळतात.

फौजदार नसलेलं शहर

रोममध्ये खून झाला, तर तपासाला फौजदार येत नसे. सम्राट ऑगस्टसने इ. स. ६ मध्ये ‘व्हिजिलेस’ ही पथकं उभी केली, पण त्यांचं मुख्य काम आगी विझवणं आणि रात्रीची गस्त घालणं. सरकारी वकील हा प्रकारच नव्हता. कुणीतरी नागरिकाने पुढे होऊन फिर्याद करायची, साक्षीपुरावे गोळा करायचे आणि न्यायासनापुढे उभं राहायचं. अशा व्यवस्थेत गल्लीबोळ पालथे घालून माहिती काढणारा माणूस वकिलाला हवाच. कादंबरीकारांनी नेमकी हीच जागा हेरली.

स्टीव्हन सेलर या अमेरिकन लेखकाची ‘रोमन ब्लड’ १९९१ मध्ये आली. तिचा नायक गोर्डियानस काल्पनिक आहे, खटला मात्र खरा. इ. स. पू. ८० मध्ये सेक्स्टस रोशियस नावाच्या शेतकऱ्यावर बापाच्या खुनाचा आरोप आला. पितृहत्येची शिक्षा भयंकर होती. दोषी माणसाला पोत्यात शिवून पाण्यात फेकून देत. त्याचं वकीलपत्र घेतलं सव्वीस वर्षांच्या सिसेरोने. मेलेल्या बापाची साठ लाख सेस्टर्सची मालमत्ता अवघ्या दोन हजारांत लिलावात कुणी घेतली, या एका प्रश्नावर सिसेरोने बचाव उभा केला. बोट थेट हुकूमशहा सुल्लाच्या मर्जीतल्या क्रिसोगोनसकडे गेलं. सिसेरोचं ते भाषण आजही उपलब्ध आहे. कादंबरी संपवून मूळ भाषण वाचलं, की लेखकाने कुठे इतिहास धरला आणि कुठे कल्पनेला वाट दिली ते दिसतं. हा दुसऱ्या वाचनाचा आनंद पहिल्याहून कमी नाही.

ब्रिटिश लेखिका लिंडसे डेव्हिस यांचा मार्कस डिडियस फाल्को १९८९ च्या ‘द सिल्व्हर पिग्ज’मध्ये पहिल्यांदा भेटला. काळ सम्राट व्हेस्पासियनचा, इ. स. ७० च्या आसपासचा. फाल्को ॲव्हेंटाइन टेकडीवर, धोबीणबाईच्या दुकानावरच्या सहाव्या मजल्यावर भाड्याने राहतो. ब्रिटनच्या खाणींतल्या चांदीच्या विटा चोरीला जातात आणि तपासासाठी त्याला गुलामाच्या वेशात खाणीत उतरावं लागतं. त्या प्रकरणांतला गारठा, उपासमार आणि मुकादमाची मारहाण वाचताना रोमच्या संगमरवरी वैभवाची किंमत कोण मोजत होतं, ते कळतं. फाल्कोच्या वीस कादंबऱ्या आहेत. त्यानंतर २०१३ पासून त्याची दत्तक मुलगी फ्लाव्हिया अल्बिया हिने तपासाची सूत्रं हाती घेतली. नव्या वाचकाने सुरुवात ‘द सिल्व्हर पिग्ज’पासूनच करावी, कारण माणसं आणि नाती तिथून वाढत जातात.

रॉबर्ट हॅरिसची ‘पाँपेई’ (२००३) उद्रेकाच्या दोन दिवस आधी सुरू होते. नायक अत्तिलियस हा पाणीपुरवठ्याचा अभियंता. आधीचा अभियंता बेपत्ता आहे, पाण्याला गंधकाचा वास येतोय आणि आक्वा ऑगस्टा हा प्रचंड कालवा अचानक आटतो. या कादंबरीत थोरला प्लिनीही आहे. खरा प्लिनी मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख आणि ज्ञानकोशकार. संकटात सापडलेल्यांना सोडवायला गलबतं घेऊन गेला आणि त्याच उद्रेकात मरण पावला. आपल्या ग्रंथात त्याने तक्रार लिहून ठेवली आहे की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हस्तिदंताची ती मूर्ती अशाच कुठल्यातरी सौद्यातून इटलीला पोचली आणि प्लिनीला ज्याने गिळलं, त्याच ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेली.

मूर्ती गेली कशी?

आता माग काढत मागे येऊ. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी मार्गदर्शिकेत भडोच बंदराची तपशीलवार नोंद आहे. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. रस्ते धड नसलेल्या मुलखातून गाड्या भरभरून माल बंदरात यायचा. निर्यातीच्या यादीत सुती कापड आणि अकीक आहे, हस्तिदंतही आहे. मोबदल्यात इटलीची दारू, तांबं, पोवळी, काचसामान आणि सोन्याचांदीची नाणी. जहाजं जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघून पावसाळी वारे पकडत.

उज्जैनहून पैठणला जाणाऱ्या व्यापारी वाटेवर, केळणा नदीच्या काठी भोगवर्धन होतं. तेच आजचं भोकरदन. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी त्याचा अहवाल सिद्ध केला. सातवाहनकाळची नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती यांच्याबरोबर हस्तिदंताचं कामही निघालं. त्यातल्या भग्न स्त्रीमूर्तीची धाटणी पाँपेईच्या यक्षीशी मिळतीजुळती आहे. तेरलाही त्याच घराण्यातली मूर्ती मिळाली. या साम्याच्या आधारे म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी पाँपेईच्या मूर्तीचा संबंध भोकरदनशी जोडला.

पण चांगल्या रहस्यकथेसारखा इथे उलटा पुरावाही आहे. पाँपेईच्या मूर्तीच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येची, गांधारकडची लिपी. अफगाणिस्तानातल्या बेग्रामलाही हस्तिदंताच्या कामाचा मोठा साठा सापडलेला आहे. मग मूर्ती उत्तरेकडची? की दक्षिणेत घडली आणि खूण करणारा हात उत्तरेचा? सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नावं आहेत. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी कोरीवकाम केल्याचा लेख आहे. म्हणजे माणसं, कसब आणि दानधर्म एकाच वाटेने ये-जा करत होते, आणि भोगवर्धन त्या वाटेवर होतं. निकाल अजून लागलेला नाही.

आपली कादंबरी

रोमच्या रहस्यकादंबऱ्या वाचण्याचा सगळ्यात मोठा लाभ मला हा वाटतो: पुराव्याकडे माणसाच्या नजरेने बघायची सवय लागते. मग आपल्याकडचे लेखही वेगळे दिसू लागतात. नाशिकच्या लेण्यात उषवदात नावाच्या दात्याने विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दोन हजार कार्षापण नाणी दरमहा एक टक्का व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवल्याचं कोरलेलं आहे. त्या ठेवीवर कुणी हात मारला तर? कल्याण बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं पेरिप्लस सांगतो. त्यातलं एखादं भडोचला पोचलंच नाही तर? कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांची नावं खांबांवर आहेत. त्यांतल्या एकाचा भागीदार घाटात गायब झाला तर? कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत ग्रीक सागरदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली, ती कुणाच्या सामानातून आली?

सेलरने दोन हजार वर्षांपूर्वीचं एक भाषण हाती घेतलं आणि त्यातून अख्खं रोम उभं केलं. आपल्याकडे शिलालेख आहेत, परदेशी खलाशाची मार्गदर्शिका आहे, उत्खननाचा अहवाल आहे आणि साऱ्या जगाला माहीत असलेली, उकल न झालेली एक मूर्ती आहे. या दिवाळीत फाल्को किंवा गोर्डियानसची एक तरी कादंबरी जरूर वाचा. आणि ज्यांच्या हातात लेखणी आहे, विशेषतः जालना-भोकरदनच्या तरुण लेखकांनी, पुढचं पाऊल टाकावं. भोगवर्धनच्या हस्तिदंत-कारागिराच्या दारात उभा राहून चौकशी करणारा शोधक मराठीत अजून जन्मायचा असेल, तर त्याला जन्म देण्याचा पहिला हक्क या मातीचाच आहे.