जमिनीचा श्वास कोंडतो तेव्हा

शिरोळ किंवा वाळवा तालुक्यात उन्हाळ्यात फिरलात, तर हिरव्यागार उसाच्या फडाशेजारी मीठ शिंपडल्यासारखी पांढरी रानं दिसतील. ही रानं दुष्काळानं ओस पडलेली नाहीत. त्यांना पाण्यानंच मारलंय.

शेतकऱ्याकडे या विज्ञानाचं सार एका शब्दात आहे : वाफसा. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी, थोडी हवा. मुळांना दोन्ही लागतं. पाटपाणी सोडून सरी तुडुंब भरली, की हवा बाहेर पडते. त्यात काळी माती चिकण. ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. पाळीमागून पाळी देत गेलं, की भूजल वर वर येतं. ते मुळांच्या टप्प्यात आलं, की जमीन पाणथळ झालीच.

मग मीठ. नदीचं पाणी गोडं लागलं तरी त्यात क्षार असतात. लिटरमागे अर्धा ग्रॅम धरा. एकरात तीन इंच पाणी म्हणजे सुमारे तीन लाख लिटर, आणि त्यातून दीडशे किलो क्षार. पन्नास किलोची तीन पोती, तीही एकाच पाळीत! सोळा-अठरा महिन्यांच्या आडसाली उसाचा हिशेब वाचकांनीच करावा. निचरा असेल तर हे क्षार धुऊन जातात. नसेल तर दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पाणी मातीतून वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ मागं राहतं.

पांढरी जमीन क्षारयुक्त. चोपण वेगळी. तिच्यात मातीच्या कणांना सोडियम चिकटतो, कण सुटे होतात आणि पोकळ्या बुजतात. सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो. जिप्समचा उपयोग इथं होतो, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. पण सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट हवी. निचऱ्याची सोय न करता जिप्समची पोती ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं, शब्दशः.

खरा इलाज जमिनीखाली आहे. तीन-चार फुटांवर गाळणीचं कापड गुंडाळलेले सच्छिद्र पाइप उताराला धरून पुरायचे आणि पाणी मुख्य पाइपातून ओढ्याला काढायचं. मग धैंचा किंवा ताग गाडून मातीत जीव भरायचा. अडचण एवढीच, की पाणी बांध ओळखत नाही. माझं पाणी तुझ्या रानातूनच जाणार. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या परिसरात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे काम केलं, म्हणून तिथं पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिला. पाइपातून निघालेले क्षार शेवटी नदीतच जातात, हा प्रश्न मात्र उरतोच. म्हणून मुळात पाणीच बेतानं द्यायला हवं, ठिबक त्यासाठीच.

तुमच्या रानात अजून पांढरं फुटलं नसेल, तरी येत्या एप्रिलमध्ये एका कोपऱ्यात पाच फुटांचा खड्डा घ्या. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी दिसलं, तर पुढची पाळी थांबवा आणि आधी शेजाऱ्याशी निचऱ्याच्या चराचं बोला.