बुजगावणे कोणाच्या मळ्यात?

पेण म्हटले की गणेशमूर्तींचे कारखाने आठवतात. परंतु याच पेण-रोह्याच्या परिसरात मूर्ती न मानणारा, मराठी बोलणारा बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल गाळीत होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले. त्यांच्या हिब्रू संदेष्ट्यांनी मूर्तिपूजेविरुद्ध वापरलेल्या प्रतीकांचा अर्थ आपल्या चळवळीने लावून पाहावा, असे मला वाटते.

यशयाच्या ग्रंथात एक सुतार आहे. एकाच झाडाचे अर्धे लाकूड तो चुलीत घालतो, त्यावर भाकर भाजतो. उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्यापुढे लोटांगण घालतो. येथे उपहास कारागिरीचा नाही. आपल्याच श्रमाने घडलेल्या वस्तूला माणूस आपली धनी करतो आणि आपण ती घडवली हेच विसरतो, या विस्मृतीचा तो उपहास आहे.

यिर्मया मूर्तीला काकडीच्या मळ्यातले बुजगावणे म्हणतो. ते बोलत नाही, चालत नाही, त्याला उचलून न्यावे लागते. मग त्याला भ्यायचे कशाला? या प्रतीकाला मी एक प्रश्न जोडतो. बुजगावणे उभारणारा शेतकरी त्याला भीत नाही. भितात ती पाखरे. तेव्हा ते कोणी उभारले आणि कोणाला दाण्यापासून दूर ठेवण्यासाठी? याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या माणसांनी विटाळ नावाचे असेच एक बुजगावणे उपटले.

बेने इस्राएलांचा सर्वांत लाडका संदेष्टा एलिया. तो अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा. त्याच्या नावाने ते पोहे, खोबरे व फळांचा मलिदा करतात. हाच एलिया बआल दैवताविरुद्ध उभा राहिला. आणि नाबोथ नावाच्या माणसाचा वडिलोपार्जित द्राक्षमळा बळकावण्यासाठी खोटे साक्षीदार उभे करून त्याचा जीव घेतला गेला, तेव्हा राजा अहाबाला जाब विचारणाराही हाच. खोटा देव आणि बळकावलेली जमीन ही त्याच्या लेखी दोन प्रकरणे नव्हती.

परंतु मूर्ती नाकारली म्हणून विषमता आपोआप जात नाही. या समाजातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद होते. मिश्र संततीचे मानल्या गेलेल्या काळ्यांशी गोरे रोटीबेटी व्यवहार करीत नसत. दगडाची मूर्ती घरात नव्हती, पण जातीची न कोरलेली मूर्ती मनात होती.

आपले काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी आपण जुने देव नाकारले. त्याआधी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा इशाराही दिला होता. त्यांचा पुतळा वस्तीत उभा राहणे हा आपल्या माणूसपणाचा जाहीर उच्चार आहे, याबद्दल मला शंका नाही. पण पुतळ्याला हार घालून पोटजातीबाहेर सोयरीक नाकारणाऱ्याने यशयाचा तो सुतार पुन्हा एकदा वाचावा.