हिरवा दिवा नेमकं काय सांगतो?

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्याच जिल्ह्यात आता दाखल्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत बरीच कामं ऑनलाइन चालतात. इंटरनेटची लाईन गेली की सातपुड्यातल्या पाड्यावरून तालुक्याला आलेला माणूस हात हलवत परत जातो. म्हणून नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या नागिओस, आयसिंगा यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या गरजेची चेक कमांड, म्हणजे सेवा तपासणारी स्क्रिप्ट, लिहिणं महत्त्वाचं आहे. त्याबद्दलचे काही गैरसमज दूर करू.

गैरसमज : पिंगला उत्तर आलं, म्हणजे सेवा सुरू आहे.
वस्तुस्थिती : यंत्र नेटवर्कवरून गाठता येतंय, एवढंच पिंग सांगतं. समजा, धडगावच्या एखाद्या ऑनलाइन सेवा केंद्रातला राउटर नंदुरबारहून केलेल्या पिंगला उत्तर देतोय, पण केंद्रातलं डीएनएस बिघडलंय. नागिओसच्या पडद्यावरचा दिवा हिरवा राहील, अर्जाचं पान मात्र उघडणार नाही. ते पान केंद्रातल्याच संगणकावरून उघडून पाहायला हवं. त्यासाठी तिथे तपासणी चालवणारा एनआरपीईसारखा एजंट बसवता येतो.

गैरसमज : स्क्रिप्टने ‘ओके’ छापलं की झालं.
वस्तुस्थिती : नागिओस स्थिती ठरवतं ती स्क्रिप्टच्या एक्झिट कोडवरून. ० म्हणजे ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ अज्ञात. ‘ओके’ छापून स्क्रिप्ट एक्झिट कोड २ देऊन संपली, तर दिवा लालच लागतो.

गैरसमज : स्क्रिप्ट टर्मिनलवर चालली, म्हणजे नागिओसमध्येही चालणार.
वस्तुस्थिती : तुम्ही ती बहुधा रूट म्हणून चालवता; नागिओस सहसा स्वतःच्या मर्यादित अधिकारांच्या खात्यातून चालवतं. कोड १२७ दिसला, तर बहुधा फाइल सापडलेली नाही. १२६ दिसला, तर चालवण्याची परवानगी तपासा. पूर्ण पाथ लिहा आणि त्याच खात्यातून चाचणी घ्या.

गैरसमज : नमुन्यातल्या मर्यादा सगळीकडे चालतात.
वस्तुस्थिती : नागिओससोबत येणाऱ्या एका नमुना कॉन्फिगरेशनमध्ये पिंगसाठी १०० मिलिसेकंद किंवा २० टक्के पॅकेट गळतीला इशारा असतो. डोंगराळ भागातल्या लाईनला रोजच त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर इशारे येतच राहतील आणि खऱ्या बिघाडाकडेही दुर्लक्ष होईल. आधी आठवडाभर मोजा, मग मर्यादा ठरवा. एका अपयशावर संदेश धाडू नका; दोन-तीनदा फेरतपासणी ठेवा.

कमांड लिहिण्याआधी केंद्र चालवणाऱ्याला एकच विचारा : काय बंद पडलं की तुमचं काम अडतं? कमांडने तेच तपासलं पाहिजे.