मैफलीच्या रेकॉर्डिंगमधले उंच आवाज: कसे बसवायचे आणि कधी हात लावायचा नाही

लाइव्ह मैफलीचं रेकॉर्डिंग डेटा म्हणून वापरायचं ठरवलं की पहिली अडचण ठरलेली असते. आलाप इतका हळू असतो की हेडफोनचा आवाज वाढवावा लागतो, आणि तेवढ्यात तबल्याची सम किंवा माइकशेजारच्या श्रोत्याची टाळी कानावर आदळते. स्टुडिओत प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा ठेवता येतो. इथे बहुतेक वेळा सगळं एकाच फाइलमध्ये मिसळलेलं. मग हे पीक (शेतातलं नव्हे!) खाली कसे आणायचे?

आधी मोजपट्टी समजून घेऊ. डिजिटल ऑडिओत शून्य डेसिबल म्हणजे छत, म्हणून बाकी आकडे उणे असतात. ६ डेसिबल वाढले की तरंगाची उंची साधारण दुप्पट होते. समजा तुमच्या फाइलमध्ये गाणं -२० डेसिबलच्या आसपास आहे आणि सर्वात उंच थाप -१ वर. आता ‘नॉर्मलाइज’ केलं तर काय होईल? सगळी फाइल एकसारखी १ डेसिबल वर जाईल, बस. दोघांतलं १९ डेसिबलचं अंतर तसंच राहील. नॉर्मलाइज करूनही आवाज लहानच का, याचं उत्तर हे आहे.

पहिला उपाय: हाताने

खटकणाऱ्या जागा पाच-दहाच असतील तर हाच मार्ग उत्तम. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढी टाळी सिलेक्ट करा आणि ‘अ‍ॅम्प्लिफाय’मध्ये उणे आकडा द्या, किंवा ‘एन्व्हलप टूल’ने तेवढाच भाग खाली ओढा. सिलेक्शनच्या कडा तरंग शून्य रेषेला छेदतो तिथे ठेवा, नाहीतर ‘टक्’ असा नवाच आवाज तयार होतो. यात बाकीच्या रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही.

दुसरा उपाय: कॉम्प्रेसर

पीक शेकड्याने असतील तर कॉम्प्रेसर. थ्रेशोल्ड म्हणजे कुठल्या पातळीच्या वर गेल्यावर दाबायचं. रेशो म्हणजे किती दाबायचं. थ्रेशोल्ड -१२ आणि रेशो ४:१ ठेवला तर -१ ची थाप थ्रेशोल्डच्या ११ डेसिबल वर आहे. त्याचे चौथा हिस्सा, म्हणजे २.७५ डेसिबल उरतात आणि थाप -९.२५ वर येते. आता सगळी फाइल ८ डेसिबलने उचलली की गाणं -१२ वर आणि थाप -१.२५ वर. १९ डेसिबलचं अंतर पावणेअकरावर आलं.

पण हा हिशेब स्थिर आवाजाचा. तबल्याची थाप काही मिलिसेकंदांत चढते. ‘अटॅक’ ५० मिलिसेकंद ठेवलात तर कॉम्प्रेसर जागा होईपर्यंत थाप निघून गेलेली असते आणि मागून येणारा तानपुराच दबतो. ‘रिलीज’ चुकला तर पार्श्वभूमी श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. लिमिटर हा याच घराण्यातला कडक भाऊ: ठरवलेल्या पातळीच्या वर तो जवळजवळ काहीच जाऊ देत नाही.

आणि तरंगाचा माथा सपाट कापलेला दिसत असेल, म्हणजे क्लिपिंग झालं असेल, तर वरचा भाग मुळात नोंदलाच गेलेला नाही. ‘क्लिप फिक्स’ तिथे अंदाज बांधतं, माहिती परत आणत नाही.

संशोधनात खरी मेख इथे आहे

समजा तुमचा प्रश्न आहे: समेवर तबलजी किती जोर वाढवतो? समेची थाप -२ वर, आधीची -१०. फरक ८ डेसिबल, म्हणजे तरंगाची उंची सुमारे अडीच पट. वरच्याच सेटिंगमधून फाइल गेली की त्या अनुक्रमे -९.५ आणि -११.५ वर येतील. फरक उरला २ डेसिबल, जेमतेम सव्वा पट. ‘समेवर जोर फारसा वाढत नाही’ हा तुमचा निष्कर्ष मग तबलजीबद्दल नसून कॉम्प्रेसरबद्दल असेल. आलेख मात्र सुबकच दिसेल, त्यामुळे कुणाला शंकाही येणार नाही.

म्हणून आधी प्रश्न, मग प्रक्रिया. बंदिशीचे शब्द उतरवून घ्यायचे आहेत? खुशाल कॉम्प्रेस करा. स्वरांची उंची मोजायची आहे? सौम्य कॉम्प्रेशनने सहसा फारसं बिघडत नाही. पण आवाजाचा पोत अभ्यासायचा असेल तर क्लिप झालेले भाग वगळा, कारण क्लिपिंग मूळ आवाजात नसलेल्या वरच्या कंप्रता तयार करतं. आणि जोर, चढउतार मोजायचे असतील तर कॉम्प्रेसरला हातच लावू नका.

तीन सवयी आत्तापासून लावून घ्या. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त वाचण्यापुरती. प्रत्येक प्रक्रियेचे आकडे (थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज) वहीत. आणि ‘मूळ’ फाइल खरंच मूळ आहे का याची खात्री: फोन आणि छोटे रेकॉर्डर बऱ्याचदा आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतात. ती स्वयंचलित सोय बंद करून, सर्वात मोठा आवाजही -१२ ते -६ च्या आत राहील अशी पातळी ठेवून २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा. हळू आवाज नंतर उचलता येतो. छताला आपटलेला आवाज परत मिळत नाही.