पीसीआर: बँड येत नाही? आधी मधलं तापमान बघा

जेलवर लॅडर छान चमकतोय आणि तुमच्या सॅम्पलच्या रांगा कोऱ्या. पीएचडीला लागलात की हे दृश्य दिसणारच, घाबरू नका.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला डाळिंबाचा 'भगवा' वाण. त्याच्या पानातून डीएनए काढून एसएसआर मार्करने वाण ओळखायचाय. पीसीआरमध्ये 95 अंशाला धागे सुटे होतात आणि 72 अंशाला टॅक एन्झाइम नवीन धागा बांधतं. या दोन आकड्यांना सहसा हात लावावा लागत नाही. खरा घोळ मधल्या पायरीवर, म्हणजे अ‍ॅनिलिंगला असतो. तिथे प्रायमर आपली जागा शोधून चिकटतो.

सुरुवात कागदावर करा. प्रत्येक ए-टीला 2 आणि जी-सीला 4 धरा. 20 बेसच्या प्रायमरमध्ये 10 जी-सी असतील तर 20 + 40 = 60 अंश. त्यातून 5 वजा करा, 55 ला सुरुवात. हा अंदाज झाला, उत्तर नव्हे. मीठ आणि मॅग्नेशियम बदललं की तोही सरकतो. म्हणून 50 ते 60 चा ग्रेडियंट लावा. प्रत्येक कॉलमचं तापमान मशीनच्या स्क्रीनवरून टिपून घ्या, मनाने समान भाग पाडू नका. बऱ्याच मशीनमध्ये ते समान नसतात.

तापमान कमी पडलं तर प्रायमर कुठेही चिकटतो, नको ते बँड येतात. जास्त झालं तर काहीच येत नाही. 54 आणि 58 दोन्हीला बँड दिसत असेल तर 58 घ्या, बँड थोडा फिका असला तरी. एसएसआरमध्ये एक फालतू बँड तुम्ही अ‍ॅलील म्हणून वाचलात, तर अस्सल भगव्याचं रोप दुसऱ्याच वाणाचं ठरवून मोकळे व्हाल! (आरएपीडीवाल्यांनी हे गणित विसरा. 10 बेसचा प्रायमर, तिथे 36-37 अंशच चालतं.)

आणि संपूर्ण ग्रेडियंट कोरा आला तर? मी अशा वेळी दोन आठवडे तापमानच बदलत बसलो होतो. दोष डीएनएत होता. डाळिंबाच्या पानात टॅनिन आणि पॉलिफेनॉल भरपूर; ते डीएनएसोबत येतात आणि टॅकला अडवतात. शेवटी डीएनए दहापट पातळ केला, 57 ला लावला, आणि बँड आला. तेव्हा ग्रेडियंटच्या शेजारी पातळ केलेलं एक सॅम्पल आणि डीएनए नसलेली एक ट्यूब पहिल्याच दिवशी लावा.