बूट होताना सरकणाऱ्या ओळी वाचायच्या कशा?

आजचा विषय छोटा आहे, पण ऐन वेळी आठवला तर तुमचा डेटा वाचेल. लिनक्स सुरू होताना स्क्रीनवरून भराभर ओळी सरकतात ना, त्या नेमकं काय सांगत असतात?

सुरुवात कर्नलपासून. कर्नल सुरू झाला की बोलायला लागतो: एवढी मेमरी सापडली, ही डिस्क दिसली, हा कीबोर्ड जोडलाय. ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात आकडा असतो. ती घड्याळातली वेळ नाही बरं का. कर्नल सुरू होऊन किती सेकंद झाले, ते. हे मेसेज मेमरीतल्या ठरावीक जागेत साठतात. जागा भरली की सगळ्यात जुने पुसून नवे लिहिले जातात. नंतर टर्मिनलवर ‘डीमेसेज’ कमांड दिली की तेच दिसतात.

मग आपल्याला नुसता लोगोच का दिसतो? प्रत्येक मेसेजला 0 ते 7 अशी पातळी असते. 0 म्हणजे सगळ्यात गंभीर. उबंटूमध्ये कर्नलला ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ असे दोन शब्द दिलेले असतात. क्वाएटमुळे एरर आणि त्याहून गंभीर मेसेजच स्क्रीनवर येतात, आणि स्प्लॅश त्यांच्यावर चित्राचा पडदा टाकतो. मेसेज थांबत नाहीत, फक्त झाकले जातात. लोगोवरच गाडी अडकली तर एस्केप दाबून बघा, बहुतेक वेळा पडदा बाजूला होतो.

कर्नलनंतर सूत्रं ‘सिस्टिमडी’कडे जातात. एकेक सर्व्हिस सुरू झाली की हिरवं ‘ओके’, नाही झाली तर लाल ‘फेल्ड’.

आता खरी गंमत बघा. समजा कुणी कॉम्प्युटरमधली दुसरी हार्डडिस्क काढली, पण ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये तिची नोंद तशीच राहिली. सिस्टिमडी त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतो. मग ‘डिपेंडन्सी फेल्ड’च्या ओळी येतात आणि शेवटी इमर्जन्सी मोड. नाव ऐकूनच माणूस घाबरतो! ‘सिस्टिम उडाली’ म्हणतो आणि सगळं फॉरमॅट करून मोकळा होतो. फोटो गेले, प्रोजेक्ट गेला. बिघाड मात्र फक्त एका ओळीचा होता. तिच्यापुढे हॅशचं चिन्ह टाकून रीबूट केलं असतं तरी काम झालं असतं.

म्हणून एकच सांगणं: शेवटची ओळ बघून निर्णय घेऊ नका. वर जा आणि पहिली लाल ओळ शोधा. खालच्या बऱ्याच ओळी तिचेच परिणाम असतात. ओळी निघून गेल्या असतील तर ‘जर्नलसीटीएल’ला मायनस बी दिलं की या बूटची पूर्ण नोंद मिळते. आणि काहीच जमलं नाही, तर निदान मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा. मदत करणाऱ्याला ‘चालू होत नाहीये’ या वाक्यापेक्षा तो फोटो कितीतरी जास्त सांगतो.

चला, भेटू पुढच्या भागात!