दहा सेंटिमीटरचं मिग

मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सव्वासात मीटरला थोडा कमी. त्याला बहात्तरने भागलं की दहा सेंटिमीटरही पुरते भरत नाहीत. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं लढाऊ विमान असं तळहातावर मावतं. अर्थात खोकं उघडल्यावर त्यात विमान नसतंच. राखाडी प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले तुकडे असतात. काही बोटाएवढे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे, आणि एखादा इतका बारीक की कापताना उडाला तर फरशीवर ओणवं होऊन बॅटरी आडवी धरून शोधावा लागतो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. त्यानंतरच्या पुरवण्या वैमानिकांच्या आठवणींनी भरून गेल्या. आमच्या संपादकांना त्यात आणखी एक भर नको होती. "तुम्ही तिकडे यवतमाळजवळ लोहाऱ्यात बसून रात्री-बेरात्री विमानं घासता ना, त्यावर लिहा," असं त्यांनी फोनवर सांगितलं. घासता हे त्यांनी बरोबर सांगितलं. या छंदातला निम्म्याहून जास्त वेळ घासण्यातच जातो.

इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो कुठेही मिळेल. एक इंच म्हणजे सहा फूट, या हिशेबातून एकास बहात्तर हे प्रमाण आलं. १९३६ मध्ये इंग्लंडात फ्रॉग कंपनीने याच प्रमाणात प्लास्टिकची जोडायची विमानं विकायला काढली. मग महायुद्ध आलं. येणारं विमान आपलं की शत्रूचं हे सावलीवरून ओळखता यावं म्हणून अमेरिकेच्या नौदलाने १९४२ मध्ये शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमानं मागवली. ती सगळी काळीच रंगवायची होती, कारण प्रश्न फक्त आकाराचा होता. युद्धानंतर एअरफिक्सने १९५३ मध्ये स्पिटफायर काढलं, पुढे जपानच्या तामिया आणि हासेगावा यांनी साच्यांची सफाई अशी वाढवली की तुकडे चिमट्यात धरताच जागेवर बसायला लागले. आज मिग-२१ चं किट म्हटलं की जगभरचे छंदी चेक प्रजासत्ताकातल्या एडुअर्ड कंपनीचं नाव घेतात. तिचा कारखाना ओबर्नित्से नावाच्या लहानशा गावात आहे.

इथे मला थोडं टोचतं. खरी मिग-२१ नाशिकजवळ ओझरला बनली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तो कारखाना १९६४ चा. आधी एफएल, मग एम, मग बिस अशी साडेसहाशेच्या वर मिग-२१ भारतात तयार झाली. इंजिनं कोरापुटची, जुळणी ओझरची. हजारो मराठी हातांनी ज्याच्या पत्र्याला रिव्हेट ठोकले, त्या विमानाचं छोटं रूप घ्यायचं तर ते बोहेमियाच्या एका खेड्यातून मागवावं लागतं. यात ओबर्नित्सेवाल्यांचा दोष नाही. त्यांनी मापं घेतली, आपण घेतली नाहीत.

वास्तविक लहान रूपं घडवायची हौस आपल्याकडे कमी नाही. विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांचे लाकडी बैल मिरवतात. त्यांची शिंगं, झूल, वेसण बारकाईने सजवलेली असते आणि परीक्षक वाकून वाकून बघतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी छोट्या रेल्वेचं अख्खं शहर उभं केलं, तिथे शाळांच्या सहली जातात. पण रेल्वे फिरते, सिग्नल पडतो, पोरं टाळ्या वाजवतात. माझं मिग टेबलावर उभं राहतं आणि काहीच करत नाही. घरी आलेल्या पाहुण्याचा पहिला प्रश्न असतो, "उडतं का?" नाही म्हटलं की तो चहाकडे वळतो.

आता टेबलावर जे आहे ते एफएल. हवाई दलात टाइप ७७ म्हणून ओळखलं गेलेलं. नंतरच्या मिगचं छत बाजूला उघडतं, एफएलचं समोरच्या काचेसकट पुढे उचललं जातं. अंगात तोफ नव्हती, म्हणून पोटाखाली तोफेचा वेगळा पॉड लटकवायचे. बघणाऱ्याला हे फरक दिसणार नाहीत. पण ज्याला दिसतात तो आधी तेवढंच बघतो.

पहिला टप्पा कॉकपिटचा. रशियन विमानांच्या कॉकपिटला एक विचित्र निळसर हिरवा रंग असतो, मोरपंखीच्या जवळ जाणारा पण फिका. तो देऊन झाला, खुर्चीला पट्टे लावले, नाकात वजन बसवलं की धड मिटायचं. वजन विसरलात तर विमान शेपटीवर बसतं. धड डाव्या-उजव्या अर्ध्या भागांचं असतं. जोडायला जे वापरतो ते चिकटवणारं नसतंच, ते प्लास्टिक विरघळवतं. दोन्ही अर्धे घट्ट धरायचे, फटीला ब्रशचं टोक टेकवायचं, द्रव आपोआप सरसर आत ओढला जातो आणि दोन्ही कडा वितळून एकमेकींत मिसळतात. वरून किंचित प्लास्टिक उमटून येतं. ते तसंच वाळू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी घासायचं. त्यासाठी गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यांकडचा वॉटर पेपर आणावा, परदेशी पाकिटातल्या तुकड्यांपेक्षा तो कशातही कमी नाही. पाण्यात बुडवून आधी सहाशे, मग हजार, मग दोन हजार नंबरचा.

ही शिवण नाहीशी करणं म्हणजेच अर्धं मिग. कारण मिग-२१ म्हणजे पुढून मागे पोकळ असलेली एक नळी आहे. तोंडाशी हवा घेणारी कडा, तिच्या मधोमध रडार पोटात असलेला हिरवा शंकू, शेवटी जळत्या वायूचं तोंड. शिवण पाठीवरून जाते आणि पोटावरूनही. इतर विमानांवर हिरवा-तपकिरी रंग दिला की अशी शिवण दबून जाते. एफएल मात्र बरीच वर्षं बिनरंगाचं, पत्र्याच्या मूळ चांदीत उडत होतं.

या चांदीवर कितीही वेळ बोलता येईल. साध्या रंगाचा थर चिमूटभर दोष पोटात घेतो. चांदी उलट वागते. हजार नंबरच्या कागदाचा न दिसलेला ओरखडा, बोटाचा ठसा, खाली राहिलेला धुळीचा कण, सगळं ती उजेडात धरून दाखवते. त्यामुळे आधी चकचकीत काळा रंग द्यायचा. तो आरशासारखा लागला तरच पुढे जायचं, नाहीतर परत घासायचं. काळ्यावर धातूचा लॅकर एअरब्रशने इतका विरळ फवारायचा की पहिल्या हाताला काही झालंय असं वाटतच नाही. तिसऱ्या-चौथ्या हाताला काळ्यातून पत्रा वर येतो. प्रत्येक वेळी मला हे बघायला तितकंच आवडतं.

आणि तो पत्रा एकसारखा नसतो. खऱ्या विमानात वेगवेगळ्या मिश्रधातूंचे, वेगवेगळ्या वेळी बदललेले तक्ते असतात. एक दुधी, शेजारचा करडा, शेपटीजवळचा उष्णतेने पिवळटलेला. म्हणून काही तक्ते झाकून उरलेल्यांवर किंचित वेगळी चांदी मारायची. काही जण स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवून तक्ते करतात, आणि खरं सांगायचं तर एखादा तक्ता फॉइलचा असला की शेजारची रंगवलेली चांदी खोटी दिसू लागते.

मापाचा हिशेब सारखा डोक्यात ठेवावा लागतो. मॉडेलवर रंगाचा थर एक शतांश मिलिमीटरने जाडावला तर खऱ्या विमानावर तो पाऊण मिलिमीटर होतो. दोन तक्त्यांमधली रेघ दशांश मिलिमीटर रुंद कोरली तर खऱ्यावर सात मिलिमीटरची फट. असं विमान ओझरच्या तपासनिसाने दाराबाहेर जाऊ दिलं नसतं. अंगावरचा एक केस रंगात अडकला तर पत्र्यावर दोर पडल्यासारखा दिसतो.

१९७१ च्या युद्धात या चांदीवर घाईघाईने हिरवा रंग चढला. हवेतून विमानं चमकू नयेत म्हणून स्क्वाड्रनांनी आपापल्या परीने फराटे मारले. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं सोडणारी मिग एफएलच होती. आधी चांदी निर्दोष करायची, मग तिच्यावर कुणा वायुसैनिकाच्या हातची घाई उतरवायची. ही घाई करायला माझ्याइतका वेळ त्यालाही लागला नसेल.

लोहाऱ्यात हे सगळं करायला हवामानाची परवानगी लागते. मे महिन्यात यवतमाळचा पारा पंचेचाळिसाला टेकतो. ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या सुईवरच वाळतो, मॉडेलवर पोचतो तो भुकटी होऊन. म्हणून पहाटे रंगवायचं. दुपारी कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, आणि कूलर लावला की तो ओल आणि धूळ दोन्ही फेकतो. पावसाळ्यात उलट. लॅकरमधला द्राव उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि वार्निश ताकासारखं पांढरं पडतं. कॉम्प्रेसरच्या नळीतून मधूनच पाण्याचा थेंब सुटतो तो वेगळा. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात चांगले असायला हवेत, पण तेव्हा जिल्हाभर कापूस निघालेला असतो, जिनिंग सुरू असतं, आणि हवेत तरंगणारा एक धागा काळ्या चकचकीत पंखावर उतरायला पुरतो. एमआयडीसीत रेमंडचं डेनिम बनतं ते याच कापसाच्या जोरावर. त्याबद्दल तक्रार करायला तोंड नाही.

तक्रार दुसरीच आहे. सीमाशुल्काच्या यादीत ९५०३ हा एक क्रमांक आहे. बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी आणि प्रमाणात केलेली मॉडेलं, सगळी त्याच रांगेत. देशी खेळणी उद्योगाला आधार म्हणून २०२० मध्ये या रांगेचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. स्वस्त परदेशी बाहुल्या थांबवायला हे ठीक असेल, त्यावर मला वाद घालायचा नाही. पण मिग-२१ चं किट इथे कुणी बनवतच नसेल तर त्या शुल्काने नेमका कोणता उद्योग वाचला? एका पार्सलच्या वेळी कागदावरच्या रकमा मी दोनदा वाचल्या. कर आणि हाताळणी मिळून किटच्या किमतीजवळ पोचलं होतं.

रंगांचं आणखी अवघड. लॅकर ज्वलनशील, विमानाने पाठवता येत नाहीत, टपाल घेत नाही. रस्त्याने मुंबईहून किंवा पुण्याहून येतात, उन्हाळ्यात झाकणं फुगून येतात. पर्याय शोधता शोधता या छंदातला माणूस अर्धा रसायनवाला होतो. डीकॅल, म्हणजे विमानावर चिकटवायची छापील चिन्हं, मऊ करायला पातळ केलेलं व्हिनेगर चालतं. थिनर मोजायला इन्सुलिनची सिरिंज उत्तम. ऑटो पुट्टी चालते, पण जाड लावली तर प्लास्टिक खाते. नेलपॉलिश काढायचं पाणी चुकूनही लावू नये.

डीकॅलचं दुखणं निराळं. हवाई दलाच्या वर्तुळात केशरी मध्ये, मग पांढरा, बाहेर हिरवा. केशरीखाली पांढऱ्याचा थर नसेल तर हिरव्या विमानावर तो विटकरी दिसतो. शेपटीवरच्या पट्ट्यांत केशरी नेहमी नाकाकडे, म्हणजे डावी आणि उजवी बाजू आरशातल्यासारखी उलट हवी. परदेशी छापखान्यांना हे दर वेळी लक्षात येतंच असं नाही.

मग खरं विमान बघून खात्री करावी म्हणाल, तर तळांवर फोटो काढायला बंदी, आणि ती असायलाच हवी. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात मिग उभं आहे. चौकाचौकांत चबुतऱ्यांवरही आहेत. पण चबुतऱ्यावरचं विमान पावसात गंजू नये म्हणून पुन्हा पुन्हा रंगवलेलं असतं, तेही जो डबा हाताशी असेल त्याने. ओझरहून निघालं तेव्हाची चांदी त्यात कुठेच उरलेली नाही. ती ज्यांच्या डोळ्यांसमोर होती ते कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना कुणी बसून विचारायला हवं, की तक्त्यांचा रंग कुठे बदलायचा, शंकूचा हिरवा नेमका किती काळपट होता. वैमानिकांना विचारणारे पुष्कळ झाले.

तूर्त माझी धातूच्या लॅकरची बाटली संपत आली आहे आणि नवीन कधी येईल ते विक्रेत्याला सांगता येत नाही. गाड्यांच्या चाकांना मारतात ती बारीक कणांची चांदी चालून जाईल असं वाटतं, म्हणून यवतमाळला एका रंगाच्या दुकानात विचारून आलो. दुकानदाराने मॉडेल हातात घेऊन उलटंपालटं केलं, पोटाखालचा पॉड बघितला, किती लागेल विचारलं. चमचाभर म्हटल्यावर तो हसला. "लिटरच्या खाली डबा फोडत नाही भाऊ."

एक लिटर चांदीत, हात विरळ ठेवला, तर ओझरला बनली तेवढी सगळी मिग रंगवून होतील. बहात्तरपट लहान, अर्थात. सहाशेच्या वर किटं मागवायची तर ७० टक्के शुल्क धरून हिशेब काय होतो ते दुकानातून परत येताना तोंडी करत होतो, लोहाऱ्याचा फाटा येईपर्यंत पुरा झाला नाही.